रेल्वेनं, बसनं, बोटीनं : आम्हा दोघांचा उत्तर युरोप

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, चहा आला, आणि एकीनं विचारलं, "ताई, तुम्ही दोघंच गेला होता म्हणे युरोपला? टूरवाल्याबरोबर नाही?" मी म्हटलं, "दोघंच." मग प्रश्नांची रांगच लागली. पासपोर्ट कसा काढला, खायचं काय केलं, भाषा कशी समजली, पैसे किती गेले. शेवटचा प्रश्न हळूच आला, "आणि भाऊजींनी तुमचं ऐकलं का?" त्या दिवशी सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत. आज रेडिओवर देते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही देते, पण ते त्याच्या जागी येईल.

मी ३२ वर्षं आरोग्यसेविका होते. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. ३१ वर्षं गाडी चालवली. पसरणीचा घाट, कुंभार्लीचा घाट, पावसाळ्यात, रात्री-अपरात्री. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरात काचेच्या कपाटात ठेवलेला आहे. आता दोघंही रिटायर. मुलगी स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहरात नोकरीला आहे. ती म्हणायची, या. पण ती दिवसभर कामावर. आम्ही तिच्या घरात दोन महिने खिडकीतून बघत बसायचं का? हे म्हणाले, "एवढं लांब जातोय तर रस्ता तरी बघू." तिथून सुरुवात झाली.

आधी पैशाचं बोलते, कारण ते मनात ठेवून पुढचं ऐकणं बरोबर नाही. विमानाच्या तिकिटांसकट दोघांचे पाच लाखांच्या आत-बाहेर गेले. माझ्या पेन्शनीतून सहा वर्षं आवर्त ठेव केली होती, ती मोडली. गावात म्हणणारे म्हणालेच, त्या पैशात वरचा मजला झाला असता. झाला असता. पण आम्ही कर्ज काढलं नाही, रानाला हात लावला नाही, आणि दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच राहिले. या तीन गोष्टी जमत नसतील तर जाऊ नका, असंच मी सांगेन.

आधी नाव एक करा, मग पासपोर्ट

आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो माझ्या नावाला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. बँकेच्या पासबुकात आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. ह्यांची सगळी कागदं एकसारखी, कारण पुरुषाचं नाव जन्मापासून बदलत नाही. माझ्या नावासाठी मात्र तीन कचेऱ्यांत चार महिने गेले. एका ठिकाणी तर मला म्हणाले, "तुम्हीच त्या कशावरून?" ३२ वर्षं मी लोकांच्या जन्माच्या नोंदी केल्या, आणि माझ्याच नावाची मला साक्ष द्यावी लागली.

म्हणून सांगते. परदेशी जायचं नसलं तरी हे काम करून ठेवा. आधार, पॅन, बँक, रेशनकार्ड, सातबारा, सगळीकडे नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते एकदा मांडून बघा. वारसाच्या वेळी, पेन्शनच्या वेळी, विम्याच्या वेळी हाच घोळ नडतो.

पासपोर्ट झाल्यावर व्हिसा. व्हिसा म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी. युरोपातल्या २९ देशांनी मिळून एकच व्हिसा ठेवला आहे, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे तिन्ही त्यात येतात. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. बँकेचा हिशेब, पेन्शनचे कागद, जायचं-यायचं तिकीट, कुठे राहणार त्याचा पुरावा, मुलीचं पत्र, हे सगळं लावलं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

रेल्वेचा पास कसा चालतो

युरोपात न राहणाऱ्यांसाठी युरेल नावाचा रेल्वेचा पास मिळतो. साठीच्या पुढच्या माणसाला त्यात सवलत आहे. आम्ही घेतला तो एका महिन्यात सात दिवसांचा. सलग सात दिवस नव्हेत. महिन्याभरात कुठलेही सात दिवस निवडायचे, आणि त्या दिवशी रात्री बारापासून पुढच्या रात्री बारापर्यंत कितीही गाड्या बदला. पास मोबाइलमध्येच असतो. तपासनीस आला की त्याला चौकोनी नक्षी दाखवायची.

पण इथं एक मेख आहे, ती कुणी आधी सांगत नाही. पास म्हणजे बसायची जागा नव्हे. लांबच्या आणि वेगाच्या काही गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं. काही डोंगरी गाड्यांना पास चालत नाही, नुसती सवलत मिळते. म्हणून मुलीनं आणि मी वहीत सगळे दिवस मांडले. कुठल्या दिवशी पास वापरायचा, कुठल्या दिवशी साधं तिकीट स्वस्त पडतं. गटाच्या हिशेबाची सवय इथं कामाला आली. लवकर काढलं तर साधं तिकीटही बरंच स्वस्त मिळतं, म्हणून आधी दोन्हीची तुलना करा.

स्टेशनवर फाटक नसतं, हमाल नसतो. डब्याचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. पहिल्या दिवशी आम्ही दारासमोर नुसते उभे होतो. एका शाळकरी मुलीनं हात पुढं करून बटण दाबलं. काही डबे शांततेचे असतात, तिथं फोनवर बोलायचं नाही. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात, तेव्हा मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस देतात. त्याची घोषणा तिथल्या भाषेत होते. तेव्हा सगळी माणसं एकदम उठून चालायला लागली तर त्यांच्यामागं चालायचं, आणि एकाला विचारायचं. इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना येतं. माझं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं, पण तेवढ्यावर निभावलं. मी तिकीट पुढं करायची आणि बोट दाखवायची.

तिन्ही देशांत युरो चालत नाही, हे लक्षात ठेवा. तिघांचंही नाणं क्रोन, पण तीन वेगळे क्रोन. स्वीडनचा नॉर्वेत चालत नाही. रोख पैसे मात्र फारसे लागतच नाहीत. भाजी असो, बस असो, स्टेशनवरचं संडास असो, सगळीकडे कार्ड. दोघांची दोन कार्डं वेगळ्या पिशव्यांत ठेवली होती, आणि दोघांनाही दोन्हीचे पिन पाठ. नुसत्या नवऱ्यालाच पिन माहीत असेल, तर ते कार्ड तुमचं नाही.

पुलावरून समुद्रात

पहिला प्रवास गोथेनबर्गहून डेन्मार्कच्या राजधानीचा, कोपनहेगनचा. मध्ये समुद्र आहे. २००० साली तिथं पूल झाला, त्याला ओरेसुंद म्हणतात. वरच्या मजल्यावर मोटारी, खालच्या मजल्यावर रेल्वे. पूल सुमारे आठ किलोमीटर जातो, मग माणसांनी भराव घालून केलेलं चार किलोमीटरचं बेट लागतं, आणि तिथून गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते. तोही चार किलोमीटर. हे विचारायला लागले, पूलच पुढं का नेला नाही? कारण पलीकडच्या काठावर विमानतळ आहे. पुलाचे उंच खांब विमानांना आडवे आले असते, आणि जहाजांना वाटही हवी. म्हणून अर्धा वर, अर्धा खाली.

येडिंगची डेअरी

कोपनहेगनमध्ये आम्ही दोनच दिवस राहिलो. मला जायचं होतं ते पश्चिमेला ओल्गोद नावाच्या गावी. तिथून दोन-तीन किलोमीटरवर येडिंग म्हणून वस्ती आहे. नाव ऐकून हे हसले. पण तुमच्यातल्या ज्या दूध घालतात त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. डेन्मार्कची पहिली सहकारी डेअरी १८८२ साली तिथं निघाली. ती इमारत आज म्युझियम म्हणून जपली आहे.

तेव्हा काय झालं होतं, ते समजून घ्या. डेन्मार्कचा शेतकरी गहू आणि धान्य विकून जगायचा. १८७० नंतर आगबोटींनी आणि रेल्वेनं अमेरिकेचं आणि रशियाचं स्वस्त धान्य युरोपात आलं, आणि भाव कोसळले. मग त्यांनी धान्य विकायचं सोडून ते जनावरांना घातलं आणि लोणी विकायला काढलं. इंग्लंड मोठं गिऱ्हाईक. पण लोणी चांगलं निघायचं ते मोठ्या वाड्यांचं. लहान शेतकऱ्याकडे चार-पाच गायी, दूध थोडं, रोजच्या लोण्याची चव वेगळी, त्याला भाव कमी.

त्याच सुमाराला, १८७८ साली, स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यानं दुधातून साय वेगळी काढायचं फिरतं यंत्र केलं. आधी दूध परातीत तासन् तास ठेवून साय वर यायची वाट बघावी लागायची. यंत्रात दूध गरागरा फिरतं, जड दूध बाहेर फेकलं जातं आणि हलकी साय मध्ये राहते. आता शंभर घरांचं ताजं दूध एकत्र करून एकसारखं लोणी काढता येऊ लागलं. यंत्र एकट्याला परवडत नव्हतं, म्हणून गावानं मिळून घेतलं. साय काढलेलं दूध शेतकऱ्याला परत मिळायचं, ते डुकरांना घालायचे.

नियम काय ठरला? मत माणसाला, गायीला नाही. कुणाच्या पाच गायी असोत की पन्नास, सभेत हात एकच. तिथं उभी राहून मला आपल्या गटाची पहिली बैठक आठवली, जिथं जास्त हप्ता भरणारीला जास्त बोलायचं होतं, आणि आपण नाही म्हटलं.

पण त्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही सांगते. डेअरी निघायच्या आधी लोणी काढणं हे तिथं बायकांचं काम होतं. घरोघरच्या बायका आणि वाड्यांवरच्या दूधवाल्या बायका, लोण्याचं सगळं शास्त्र त्यांच्या हातात. यंत्र आलं, डेअरी झाली, पगार ठरला, आणि हळूहळू डेअरीचा कारभारी पुरुष झाला. उत्पन्न वाढलं, पण बाईच्या हातातली विद्या आणि तिचा मान दुसऱ्याकडे गेला. आपल्याकडेही पापडाचं यंत्र येतं, पिठाची गिरणी येते, शेळीपालनाचं शेड येतं. ते चालवायला कोण शिकतं आणि सही कुणाची असते, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर ठरत नाही.

डोंगरावरची रेल्वे

परत गोथेनबर्गला येऊन, दोन दिवस मुलीकडे गुडघ्यांना विश्रांती देऊन, आम्ही नॉर्वेला निघालो. ओस्लोहून बर्गनला जाणारी रेल्वे १९०९ साली सुरू झाली. जवळजवळ ५०० किलोमीटर, सात तासांच्या आसपास लागतात. सुरुवातीला शेतं, लाकडी घरं, तळी. मग झाडं लहान होत जातात आणि संपतात. फिन्से नावाचं स्टेशन १,२२२ मीटरवर आहे, त्या मार्गावरचं सगळ्यात उंच. आम्ही जूनमध्ये गेलो तरी रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता. गाडीत लहान मुलांसाठी खेळायचा डबा वेगळा. नातवंडं बरोबर असती तर, असं वाटलं.

मिरदाल स्टेशनला उतरून आम्ही फ्लॉमची गाडी धरली. फक्त २० किलोमीटरची लाइन, पण तेवढ्यात ती साडेआठशे मीटरच्या वर उतरते. आपल्या बोरघाटात रेल्वेचा सगळ्यात मोठा चढ ३७ मीटरला एक मीटर आहे. फ्लॉमला तो १८ मीटरला एक मीटर, म्हणजे दुप्पट. वाटेत २० बोगदे, त्यातले बहुतेक हातानं खोदलेले. ही लाइन १९४० साली सुरू झाली. मध्ये एका धबधब्यापाशी गाडी थांबते, सगळे उतरून भिजतात आणि परत चढतात. आमचे हे धबधबा बघायचे सोडून ब्रेकची चौकशी करत होते.

इथंच एक घोटाळा झाला. मिरदालला घाईत गाडी बदलताना ह्यांची छोटी पिशवी पहिल्या गाडीत राहिली. तिच्यात बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या. ती गाडी बर्गनला निघून गेली. ह्यांचा चेहरा उतरला. पण मी आरोग्यसेविका. घरून निघतानाच सगळ्या गोळ्या दोन भागांत केल्या होत्या, अर्ध्या ह्यांच्याकडे, अर्ध्या माझ्याकडे. चिठ्ठीही दोन ठिकाणी. त्यामुळे निभावलं. हरवलेल्या सामानाची नोंद केली आणि पिशवी पुढे बर्गनला मिळाली, पण मधले दिवस माझ्याकडच्या गोळ्यांवर काढले. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथलं औषधाचं दुकान बीपीची गोळी देत नाही. तिथल्या डॉक्टरला दाखवून नवी चिठ्ठी घ्यावी लागते, आणि ते महाग पडतं. तेव्हा पंढरपूरला जा नाहीतर परदेशी जा, औषधं दोन पिशव्यांत. तातडीच्या मदतीचा नंबर सगळ्या युरोपात ११२.

उजवी बाजू

फ्लॉमहून आम्ही बसनं सोगनदालला गेलो. वाटेत लॅरदालचा बोगदा लागला. साडेचोवीस किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब मोटारींचा बोगदा, तोही २००० सालचा. एवढा वेळ अंधारात सरळ चालवून ड्रायव्हरला झापड येऊ नये म्हणून मध्ये तीन ठिकाणी मोठी गुहा केली आहे आणि निळा उजेड सोडला आहे. आमचे हे पहिल्या सीटवर बसून तो उजेड बघत होते. म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याला ड्रायव्हरचं दुःख कळत होतं."

सोगनदाल हे फियोर्डच्या काठावरचं गाव. फियोर्ड म्हणजे काय, तर हजारो वर्षं बर्फाच्या जाड थरानं सरकत सरकत डोंगर खरवडला, खोल दरी झाली, बर्फ वितळल्यावर तिच्यात समुद्र शिरला. तो सोगनचा फियोर्ड २०० किलोमीटरहून लांब आहे आणि काही ठिकाणी १,३०० मीटर खोल. जूनमध्ये तिथं रात्री अकराला बाहेर बसून पेपर वाचता येतो.

इथं आम्ही तीन दिवसांसाठी मोटार भाड्यानं घेतली होती. हे सगळं ह्यांच्यासाठी. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, तो एक वर्ष चालतो. घरी नकाशे बघून झाले होते. हे गावात सगळ्यांना सांगून आले होते, नॉर्वेत गाडी चालवणार म्हणून.

तिथं गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवतात. स्टेअरिंग डावीकडे. दिवसाही दिवे लावायचे. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अरुंद रस्त्यावर मध्ये मध्ये 'एम' अक्षराची पाटी आणि थोडी रुंद जागा असते, समोरून गाडी आली की तिथं थांबून वाट द्यायची. ह्यांनी हे सगळं पाठ केलं होतं. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर छान गेले.

मग एका ठिकाणी चहा प्यायला थांबलो. घरून आणलेला थर्मास होता. परत निघताना रस्ता अगदी मोकळा. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही. हे बोलत होते, मी डोंगर बघत होते. गाडी कधी डाव्या बाजूला गेली ते दोघांनाही कळलं नाही. ३१ वर्षांची सवय. वळणावरून समोर ट्रक आला. त्यानं एवढा मोठा हॉर्न दिला. ह्यांनी उजवीकडे ओढली, ट्रकवालाही थांबला. काही झालं नाही. ट्रकवाला खाली उतरून नुसता हात वर करून विचारत होता, बरे आहात ना.

पुढच्या 'एम'च्या पाटीपाशी ह्यांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. बराच वेळ हात स्टेअरिंगवरच होते. मी काही बोलले नाही. मग हे म्हणाले, "गर्दीत चूक होत नाही गं. समोरचा शिकवतो. मोकळ्या रस्त्यावर जुनी सवयच गाडी चालवते." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "मी पुढं नेत नाही. परत जाऊ."

मैत्रिणींनो, मी ३८ वर्षं संसार केला. ह्यांना गाडीच्या बाबतीत "जमत नाही" म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला तेव्हा काय बोलावं सुचेना. "अहो, चालायचंच, उद्या जमेल" असं बोलायचं तोंडावर आलं होतं. ते बोलले असते तर ते माझ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले असते. म्हणून मी एवढंच म्हटलं, "बरोबर आहे. परत नेऊ. मी प्रत्येक वळणाला सांगते." आणि पूर्ण वाट मी मोठ्यानं म्हणत आले, "उजवी बाजू. उजवी बाजू." ३१ वर्षं ज्यांच्या शेजारी कंडक्टरनं घंटा वाजवली, त्यांच्या शेजारी त्या दिवशी मी घंटा झाले.

संध्याकाळी गाडी परत दिली. उरलेल्या दोन दिवसांचं भाडं परत मिळालं नाही. ह्यांना त्याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, ते पैसे ट्रकवाल्याच्या ब्रेकला दिले असं समजा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं हिमनदी बघायला गेलो. निगार्ड नावाची. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्यात मोठ्या हिमनदीचा हा एक फाटा. निळा बर्फ, खाली तळं. ती वर्षानुवर्षं मागं सरकते आहे. जिथं पूर्वी बर्फ होता तिथं आता उघडे दगड आहेत. ह्या दिवशी हे खिडकीशी बसले होते. येताना म्हणाले, "इतकी वर्षं रस्ता बघितला. डोंगर आज बघितला." मग सोगनदालहून जलद बोटीनं बर्गन आणि बर्गनहून रेल्वेनं परत.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

खाणं फार महाग आहे. आम्ही स्वयंपाकघर असलेल्या साध्या ठिकाणी उतरायचो. भाजणी, मेतकूट, तिखट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी नेली होती. तांदूळ आणि बटाटे तिथं घेतले. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा काहीच नाही. मुलीसाठी केलेलं तूप मी घरीच ठेवून गेले. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याचं असतं. बाटली घेतलीच तर फेकू नका. किमतीत अनामत धरलेली असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की ते पैसे परत मिळतात. त्यामुळे रस्त्यावर बाटल्या दिसत नाहीत. आपल्या यात्रेत हे करता आलं तर किती कचरा वाचेल, याचा विचार एखाद्या गटानं करावा.

दिवसाला एकच मोठं काम ठरवा. सामान स्वतःला उचलेल एवढंच घ्या. आणि जाण्याआधी दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवा. दोघांपैकी कुणीही "थांबू या" म्हटलं, तर त्या दिवशी त्याला कारण विचारायचं नाही.

आता तो शेवटचा प्रश्न, भाऊजींनी माझं ऐकलं का. खरं सांगू, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी स्वतःचंच ऐकलं, आणि मी मध्ये आले नाही. परत आल्यावर मला वाटलं होतं, ट्रकची गोष्ट घरातच राहील. पण डेपोतले जुने सोबती भेटायला आले, तेव्हा ह्यांनी फोटो दाखवायच्या आधी तीच सांगितली. त्यातल्या एकाला मोतीबिंदू झालाय, तरी तो अजून रात्री मोटारसायकलवर फिरायचा. गेल्या आठवड्यात तो डोळे तपासून आला, असं त्याच्या बायकोनं मला बाजारात सांगितलं.

राम राम.